देखणी प्रियस : रूपासाठी ॲव्हरेज किती सोडायचं?

तिसरा गिअर

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाडीचं रूप बदलताना इंधनबचत किती सोडावी, यावर मतं हवी आहेत. उदाहरण टोयोटा प्रियसचं घेते, कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवलेल्या पाचव्या पिढीत हा सौदा अगदी उघड झाला. हवा कापताना गाडीच्या आकाराला किती विरोध होतो तो आकडा, ड्रॅग कोएफिशंट, चौथ्या पिढीत ०.२४ होता. नवीचा ०.२७ आहे. २००३ सालच्या दुसऱ्या पिढीचाही ०.२६ होता. म्हणजे या एका बाबतीत नवी गाडी वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्याही मागे गेली.

तरीही माझ्या मते टोयोटाने योग्य केलं. तेव्हाचे अध्यक्ष अकियो टोयोडा यांचा विचार होता की पुढची प्रियस फक्त टॅक्सी म्हणून काढावी. डिझाइन विभागाने उलट बाजू मांडली, लोकांना मनापासून हवीशी वाटेल अशी गाडी आखून दाखवली आणि अध्यक्षांनी ती होऊ दिली. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास वर्षाला दोन लाखांवर प्रियस खपत होत्या, २०२२ मध्ये चाळीस हजारसुद्धा खपल्या नाहीत. पेट्रोल स्वस्त झालं, विजेच्या गाड्या आल्या, ही कारणं आहेतच. पण चौथ्या पिढीचे ते वेडेवाकडे दिवे आणि चिरफाळलेली पाठ पाहून कित्येकांनी तोंड फिरवलं, हेही खरं आहे. शोरूममध्येच राहिलेली गाडी कितीही ॲव्हरेज देवो, तिने कुणाचं पेट्रोल वाचवलं?

वातकुक्कुट

मला हे अजिबात पटत नाही. प्रियसचा जुना आकार कुणाच्या लहरीने आलेला नव्हता. छताचा सर्वात उंच भाग पुढच्या सीटच्या वर, तिथून हळूहळू उतरत जाणारी लांब पाठ आणि शेवटी एकदम कापलेलं शेपूट. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात हा धडा घालून दिला. पाठीचा उतार मंद असला की हवा काचेला चिकटून मागे जाते. उतार तीव्र झाला की हवा सुटते, मागे भोवरे तयार होतात आणि ते गाडीला मागे ओढत राहतात. नव्या गाडीत छताचा उंचवटा मागे सरकवला, कारण बाजूने पाहताना पाचरीसारखी रेषा हवी होती. आकडा बिघडला त्यात या उंचवट्याचा मोठा हात आहे.

"तरी ॲव्हरेज वाढलं ना?" असं कुणी म्हणण्याआधीच सांगतो. वाढलं, पण आकारामुळे नाही, आकार असूनही. इंजिन १.८ चं २ लिटर झालं, त्याची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे पेट्रोलच्या उष्णतेतला कामी येणारा वाटा, ४० टक्क्यांवरून ४१ वर गेली, मोटर आणि बॅटरी सुधारली. आणि ताकद १२१ वरून १९४ अश्वशक्तीवर नेली! हाच सगळा संच जुन्या आकारात बसवून ताकद १४० वर ठेवली असती तर काय मिळालं असतं, याचा विचार करा. इंजिनवाल्यांनी घाम गाळून जे कमावलं त्यातलं बरंच रूप आणि पिकअप यांनी खाल्लं.

पाणचक्की

एक गोष्ट विसरताय. नवी गाडी सुमारे ५० मिमी बुटकी आहे. हवेचा विरोध नुसत्या कोएफिशंटवर ठरत नाही, समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी गुणून ठरतो. क्षेत्रफळ कमी झालं, मग हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो.

गणितमास्तर

पाणचक्की, सूत्र बरोबर आहे, पण आकडे घालून बघा. १४७० मिमी उंचीतले ५० गेले म्हणजे साडेतीन टक्के. रुंदी वीसेक मिमी वाढली, म्हणजे एक टक्का परत आला. क्षेत्रफळात दोन-अडीच टक्क्यांची बचत. कोएफिशंट मात्र ०.२४ चा ०.२७ झाला, ती वाढ साडेबारा टक्के. गुणाकार केला तरी हवेचा विरोध दहाएक टक्क्यांनी वाढलाच.

अर्थात हे कुठे जाणवणार, तर मोकळ्या रस्त्यावर. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, ताशी ६० ऐवजी १२० ने गेलात तर आठपट. गावातल्या सिग्नल-ब्रेकच्या चालीत हवा फार काही हिरावून घेत नाही आणि हायब्रिडची खरी कमाई तिथेच आहे, ब्रेक दाबल्यावर परत मिळणाऱ्या ऊर्जेत.

उलटी पाटी

सगळे छतावर भांडताय, खाली चाकांकडे बघा. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीतले आकडे आपल्या मापात सांगते. पुढच्या चाकांवर चालणारी नवी प्रियस १७ इंची चाकांवर लिटरला साधारण २४.२ किमी देते. तेच इंजिन, तीच बॉडी, पण १९ इंची चाकांचं वरचं मॉडेल घेतलं की २२.१ किमी. आणि मागच्या पिढीच्या नेहमीच्या मॉडेलचा आकडा किती होता? तोही २२.१. म्हणजे सात वर्षांची सगळी प्रगती चाकांच्या कमानीत जिरली. वरच्या मॉडेलमध्ये सोयींचं सामानही जास्त असतं, त्याच्या वजनाचा थोडा वाटा धरा, पण मोठा वाटा चाकांचाच दिसतो.

तुम्ही म्हणाल, १९ इंच म्हणजे रुंद टायर असेल. नाही. दोन्हीकडे टायरची रुंदी १९५ मिमीच आहे. म्हणजे डिझाइनवाल्यांनी इथे खरंच डोकं लावलंय, चाक उंच पण अरुंद ठेवून हवेचा आणि घर्षणाचा खर्च आवरलाय. तरीसुद्धा एवढा फरक पडतो. जड रिम प्रत्येक सिग्नलला नव्याने फिरवावी लागते, आणि चाकाजवळची हवा सगळ्यात जास्त घुसळली जाते. गंमत नाही ही, शहरातल्या चाचणीत फरक हायवेपेक्षा थोडा जास्तच निघतो.

तिसरा गिअर

उलटी पाटी, आकडे मान्य. आता त्यांचे लिटर करू. वर्षाला १५,००० किमी धरा. १७ इंचवाल्याला ६२० लिटर लागतील, १९ इंचवाल्याला सुमारे ६८०. फरक साठ लिटरचा. आता असा माणूस घ्या जो आज लिटरला १२ किमी देणारी गाडी चालवतोय. त्याला १,२५० लिटर लागतात. तो केवळ देखणी आहे म्हणून १९ इंची प्रियसकडे वळला तर एकट्याने ५७० लिटर वाचवले. म्हणजे नऊ जणांनी चाकांपायी घालवलेलं एकाने भरून काढलं. वातकुक्कुट, तुमचा आदर्श आकार घेऊन अशी माणसं येत असती तर खपाचा आलेख तसा कोसळला असता का?

पहिल्या होंडा इनसाइटचंही तेच झालं. १९९९ ची गाडी, ॲल्युमिनियमची बॉडी, मागची चाकं झाकलेली, कोएफिशंट ०.२५. इंधनबचतीत तिच्या जवळ कुणी नव्हतं. २००६ पर्यंत जगभरात सतरा हजारांच्या आसपास खपली.

वातकुक्कुट

इनसाइटला दोनच सीट होत्या हो! ती आकारामुळे पडली असं म्हणणं अन्यायाचं आहे. उलट दुसऱ्या पिढीची प्रियस बघा. दिसायला विचित्रच होती, पण त्याच विचित्रपणामुळे दुरून ओळखू यायची आणि लोक ती मिरवायचे. तिच्यामुळेच हायब्रिड घराघरात गेली.

आणि तुमच्या हिशोबातला १२ किमीवाला माणूस मला शंकास्पद वाटतो. ज्याला साधी दिसणारी हायब्रिड हवी त्याच्यासाठी कोरोला हायब्रिड होती, कॅमरी हायब्रिड होती. प्रियसकडे येणारा बहुतेक वेळा आधीच हायब्रिडच्या वाटेवर असतो. मग वाचलेले ५७० लिटर रूपाच्या खात्यात कसे मांडता?

निळी शाई

पेट्रोलच्या पलीकडेही रूपाची किंमत असते, ती कुणी मोजलीच नाही. पुढच्या काचेचा कोन जमिनीशी फक्त २१.६ अंश. समोरचा खांब इतका आडवा पडतो की वळणावर पायी चालणारा माणूस त्याच्याआड जातो. काच एवढी लांब की डॅशबोर्डवर ऊन पसरतं, मग एसी जास्त ओढतो आणि तेही शेवटी टाकीतूनच जातं. मागे बसताना मान वाकवून आत शिरावं लागतं. डिकी लहान झाली.

मागच्या दाराचं हँडल रेषा बिघडू नये म्हणून खिडकीशेजारच्या खांबात लपवलं आणि त्याला इलेक्ट्रॉनिक खटका दिला. त्या खटक्यात पाणी जाऊन दार चालू गाडीत उघडू शकतं, म्हणून २०२४ मध्ये टोयोटाने जगभरातून दोन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. साधं ओढायचं हँडल असतं तर ही वेळ आली नसती. माझ्या घरी गुडघे दुखणारी म्हातारी माणसं आहेत, मला ही गाडी कितीही सुंदर दिसली तरी घेता येणार नाही.

पाणचक्की

क्षेत्रफळाचा मुद्दा मागे घेतो, मास्तर बरोबर आहेत. पण निळी शाई, ज्यांना डिकी आणि मान दोन्ही सरळ हवी त्यांच्यासाठी उंच हायब्रिड गाड्या आता भरपूर आहेत. एकाच गाडीने सगळ्यांचं भलं करावं ही अपेक्षा २००३ मध्ये ठीक होती, तेव्हा दुसरं होतंच काय.

उलटी पाटी

वातकुक्कुट आणि तिसरा गिअर, तुम्ही दोघं "रूप की ॲव्हरेज" असं एकच माप लावताय, तिथे माझी हरकत आहे. बुटकी गाडी, लांब बॉनेट, पाचरीसारखी रेषा, यांनी खप वाढत असेल तर हवेचा दहा टक्के जास्त विरोध मी सोसेन. इंजिनाने तो भरून काढलाय, हे १७ इंची मॉडेल दाखवतं. चाकांचं तसं नाही. अमेरिकेत १७ इंच फक्त सर्वात खालच्या मॉडेलला मिळतात. गरम होणारी चांगली सीट हवी, तर १९ इंच घ्याच. ज्याला आतल्या सोयी हव्यात त्याच्याकडून दर लिटरमागे दोन किमी न विचारता काढून घेतले जातात.

चौथ्या पिढीत १५ इंची रिमवर हवेसाठी प्लॅस्टिकचं झाकण असायचं. नव्या १७ इंची रिमवरही ते आहे आणि मला तरी ते वाईट दिसत नाही. तेच चाक वरच्या मॉडेलला पर्याय म्हणून द्यायला टोयोटाला बॉडीची एक रेषही बदलावी लागणार नाही.

वातकुक्कुट

चाकांबाबत पूर्ण सहमत. छताबाबत अजूनही नाही.