डोक्याला मार लागल्यावर ॲट्रोपिन: जुनं संशोधन पुन्हा काढावं का?

तांबटकमान: कळंब्याकडून येताना दादाची गाडी घसरली. हेल्मेट डिकीत. (कोल्हापुरात हेल्मेट डिकीसाठीच घेतात.) तेव्हापासून वाचतोय. मार लागला की मेंदूत ॲसिटिलकोलीन (मेंदूच्या पेशींमधला निरोप्या रसायन) भसकन वाढतं आणि पुढचं नुकसान करतं, हा विचार १९४०च्या दशकापासूनचा. १९५० मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन आर्थर वॉर्ड यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना ॲट्रोपिन, म्हणजे ॲसिटिलकोलीन अडवणारं औषध, देऊन गुण आल्याचं लिहिलं. १९८०च्या दशकात डोक्याला मार दिलेल्या उंदरांवर स्कोपोलामाइन या तशाच औषधानं फरक पडला. पण औषध स्वस्त, पेटंट नाही, मग हात कोण लावणार? मोठी चाचणी व्हायलाच पाहिजे.

गोळ्यावाला: पेटंटचं रडगाणं नको. स्टेरॉइडही जुनंच, डोक्याच्या माराला वर्षानुवर्षं देत होते. २००४ ला 'क्रॅश' चाचणीचा निकाल आला, १०,००८ रुग्ण. दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइडवाल्यांत २१.१ टक्के, बाकीच्यांत १७.९. आणि उंदरांना स्कोपोलामाइन दिलं कधी? धडकेच्या आधी, नाहीतर काही मिनिटांत. गगनबावड्याच्या घाटात पडलेला कोल्हापुरात पोचेपर्यंत दीड तास जातो, राव.

तांबटकमान: म्हणजे चाचणी हवीच, माझंच म्हणणं झालं की! फवारणीच्या विषबाधेला ॲट्रोपिन गावोगावी ठेवतातच. पहिल्या तासाचं बोलतोय मी.

वडणगेकरीण: तासाचं तुम्ही बघा, आमच्या बाबांच्या डोक्याला मार लागून आठवा महिना चाललाय. नंतर चित्र उलटं होतं म्हणे, ॲसिटिलकोलीन कमी पडतं. आणि बाबांना झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, पण गोळ्या दोन्ही ॲसिटिलकोलीन अडवणाऱ्या! बाबा चहात खारी बुडवायचे आणि तशीच धरून बसायचे. खारी तुटून कपात पडली तरी बोटं तशीच. तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही हळूहळू बंद केल्या. परवा बाबांनी आपणहून विचारलं, "म्हशीची धार कोण काढतंय?" गोळ्या थांबल्यामुळं की दिवस गेल्यामुळं, देव जाणे. पण आधी हे बघा, मग चाचण्या.

गोळ्यावाला: ताई, बरोबर. धोतऱ्यातही हेच ॲट्रोपिन न् स्कोपोलामाइन. धोतरा खाल्लेला माणूस भ्रमिष्ट होतो ते उगाच नाही.

तांबटकमान: पहिल्या तासाचा मुद्दा सोडत नाही. पण दादाला सर्दीची गोळी रोज चालू आहे. तीही त्यातलीच?

गोळ्यावाला: पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलंय का बघा. असेल तर त्यातलीच. उद्या डॉक्टरांना दाखवा, परस्पर बंद करू नका.