१३ वर्षांच्या लेकीला ‘बोन्स’ बघू द्यावी का?

अबोली

लेक नुकतीच १३ पूर्ण झाली. सुट्टीत तिच्या मामेभावानं (तो १७ चा) तिला ‘बोन्स’ या हाडांवरून खुनाचा छडा लावणाऱ्या इंग्रजी मालिकेचे दोन भाग दाखवले आणि तेव्हापासून घरात एकच धोशा आहे, “आई, मला पहिल्यापासून बघायचीये.” २००५ ते २०१७, एकूण १२ सीझन आणि २४६ भाग. रेटिंग टीव्ही-१४. म्हणजे १४ च्या आतल्या मुलांनी आईवडिलांशिवाय बघू नये असा इशारा.

काल रात्री मी एकटीनं मधलाच एक भाग लावला. सुरुवातीलाच प्रेत सापडतं. तेही नुसतं पडलेलं नाही, सडलेलं, अळ्या वळवळणारं. मी मान फिरवली. पुढे मात्र गुंतून गेले. ती डॉक्टर बाई हाडावरच्या बारीकशा खाचेवरून हत्यार कसलं असेल ते सांगते आणि कुणाची भीडभाड ठेवत नाही. लेकीला ती का आवडली ते कळलं.

अडचण वेगळीच आहे. आठ महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. लेकीचा त्यांच्यावर फार जीव होता. मालिका बघून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा पाठमोरी बसूनच ती म्हणाली, “आई, त्या दिवशी सकाळी मी आजोबांचा हात हातात घ्यायला गेले तर त्यांची बोटं उघडेनात. मेल्यावर शरीर ताठतं ते रिगर मॉर्टिस होतं का? मला वाटलेलं, ते माझ्यावर रागावलेत.”

माझा हात तिथंच थांबला. आठ महिने पोरीनं हे पोटात ठेवलं होतं! मी “हो, बहुतेक तेच” एवढंच म्हणाले आणि वेणी पुरी केली.

नवऱ्याचं म्हणणं, मालिका ताबडतोब बंद, जखमेवरची खपली निघतेय. मला मात्र वाटतं की तिला पहिल्यांदा विचारायला शब्द मिळाला तो तिथूनच. तुम्ही काय केलं असतं?

सांजवेळ

मी नको म्हणेन, निदान वर्षभर तरी. माझी मुलगी १२ ची असताना अशाच एका मालिकेचे चार-पाच भाग तिनं मैत्रिणीकडे पाहिले. बघताना काही वाटलं नाही. नंतर मात्र चार महिने ती बाथरूममध्ये एकटी जात नव्हती, मी दाराबाहेर बोलत उभी राहायचे. तिला रक्ताची भीती नव्हती. शेजारचा साधा, हसरा माणूसच खुनी निघाला, हे तिच्या डोक्यातून जाईना.

प्रत्येक मूल वेगळं असतं हे मान्य. पण तुमच्या लेकीचं दुःख अजून ओलं आहे. थांबल्यानं काही बुडत नाही.

दोन मुलांचा बाबा

आमच्याकडे थोरल्यानं १४ व्या वर्षी ही मालिका पूर्ण पाहिली, धाकटी आता बघतेय. प्रेतांना मुलं दोन-तीन भागांत सरावतात. ते सिलिकॉन आणि रंग आहेत हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. माझं लक्ष तीन गोष्टींवर असतं.

एक म्हणजे आपोआप सुरू होणारा पुढचा भाग. एक भाग पाऊण तासाचा, पण तीन सलग झाले की रात्रीचे साडेअकरा वाजतात आणि मूल सुन्न होऊन झोपायला जातं. आम्ही ते सेटिंगच बंद केलं. एका दिवशी एकच भाग, आणि तोही झोपायच्या आधी नाही.

दुसरं, मोठ्यांच्या संबंधांवर पात्रं फार मोकळेपणानं बोलतात. सोबत बघताना अवघडायला होतं, पण त्यानिमित्तानं बोलणंही होतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची (पुढे कथेतला भाग फुटतोय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा). सहाव्या सीझनच्या शेवटी टीममधला एक गोड, बडबड्या इंटर्न गोळी लागून मरतो. शंभरएक प्रेतं पाहून काही न वाटलेला माझा मुलगा त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडला. दहाव्या सीझनच्या सुरुवातीला टीममधला आणखी एक जण मारला जातो. अनोळखी प्रेत हे मुलांसाठी कोडं असतं. जीव लावलेलं माणूस गेलं की ते मरण असतं. तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, म्हणून हे दोन भाग तिला एकटीला बघू देऊ नका.

परीक्षानळी

मी ११ वर्षं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डीएनए विभागात आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

अबोलीताई, आधी आजोबांच्या हाताबद्दल. ‘बहुतेक’वर थांबू नका, लेकीला नीट सांगा. आपला स्नायू आखडायला ऊर्जा लागते तशीच सैल व्हायलाही लागते. त्या ऊर्जेच्या कणाला एटीपी म्हणतात. श्वास थांबला की नवं एटीपी तयार होत नाही, असलेलं संपतं, आणि स्नायूंचे धागे एकमेकांत अडकून राहतात. साधारण दोन ते चार तासांत जबडा, पापण्या, मान अशा ठिकाणी ताठरपणा जाणवू लागतो, बारा तासांच्या आसपास सगळं शरीर ताठ होतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ते आपोआप सैल पडतं. हवा गरम की थंड, यावर हे तास कमीजास्त होतात. प्रत्येकाचं होतं. रागाचा, मायेचा, कशाचाच त्याच्याशी संबंध नाही. हे तिला जसंच्या तसं वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता मालिका. मी तरी बघू देईन, पण शेजारी बसून. मला काळजी वाटते ती अळ्यांची नाही, खात्रीची. पडद्यावर यंत्र टिंग करतं आणि खुनी सापडतो. आमच्याकडे नमुन्यातून डीएनए वेगळा काढायचा, किती आहे ते मोजायचं, पीसीआरनं त्याच्या प्रती वाढवायच्या, मग तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून वाचायचे. सगळं सुरळीत झालं तरी दिवस जातो, आणि रांगेत आधीचे नमुने असतातच. रक्ताचे डाग शोधायला फवारतात त्या ल्युमिनॉल रसायनाची निळी चमक जेमतेम अर्धा मिनिट टिकते. ती ब्लीचवरही उमटते आणि तांब्यावरही, त्यामुळे चमकलं म्हणजे रक्तच असं आम्ही लिहू शकत नाही.

केसांचं उदाहरण तर तिला जरूर सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून तज्ज्ञ वर्षानुवर्षं कोर्टात साक्ष देत होते. २०१५ मध्ये एफबीआयनं स्वतः मान्य केलं की तपासून पाहिलेल्या जुन्या साक्षींपैकी ९० टक्क्यांहून जास्त साक्षींमध्ये चुकीची विधानं होती. त्या साक्षींवर माणसं तुरुंगात गेली होती. १३ वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि कळायला हवं.

एक गोष्ट मी प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात डीएनए ठशांची कल्पना सुचली. दोन वर्षांनी खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली, तेव्हा आधी सुटला तो एक निरपराध मुलगा. १७ वर्षांचा. त्यानं पोलिसांपुढे गुन्हा कबूलही केला होता! खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. आमच्या शास्त्राचं पहिलं मोठं काम कुणाला तरी सोडवण्याचं होतं, हे सांगताना मला आजही भरून येतं.

सांजवेळ, तुमच्या मुलीचं मनाला लागलं. झोप उडाली, दारं तपासणं सुरू झालं किंवा एकटं राहायला नको वाटू लागलं, तर मीही तत्काळ बंदच करा म्हणेन.

अबोली

सगळ्यांचे आभार. परीक्षानळीताई, तुमचा पहिला परिच्छेद मी लेकीला वाचून दाखवला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. “म्हणजे रागावले नव्हते.” एवढंच म्हणाली. नंतर बराच वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून होती. रात्री नवऱ्यानंही वाचलं. तो काही बोलला नाही, पण शनिवारी दुपारी पहिला भाग लावला तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.

प्रेत आलं तेव्हा डोळे मी मिटले, तिनं नाही. कवटीचे तुकडे जोडून त्या मुलीचा चेहरा उभा केला, तिथं मात्र ती म्हणाली, “आई, थांबव जरा.” आम्ही थांबवलं. तिनं पाणी प्यायलं, पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, “लाव आता.”

रात्री झोप नीट लागली, दार उघडं ठेव म्हणाली नाही. सांजवेळ, तुमचं लक्षात ठेवून आठवडाभर नजर ठेवणार आहे, आणि सहाव्या सीझनच्या शेवटाची खूण मी कॅलेंडरवर नाही तरी मनात करून ठेवलीय. दुसरा भाग पुढच्या शनिवारी. ल्युमिनॉल कुठल्याही भागात आलं की चमक किती सेकंद दाखवतात ते घड्याळ लावून मोजायचं, असं तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.