मदत हवी आहे: 2147483647 ही मूळ संख्या आहे हे दहावीच्या मुलांना कसं पटवू?

नाशिकला, सिडकोत दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवते. 22 डिसेंबरच्या गणित दिनाला 2³¹ − 1, म्हणजे 2147483647 ही संख्या मूळ असल्याचं मुलांकडून फळ्यावर सिद्ध करून घ्यायचंय. गणितज्ञ ऑयलरनं 1772 मध्ये हे हातानं केलं होतं.

वर्गमूळ 46340 च्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्यातही विभाजक 62k + 1 याच रूपात असणार, हे फर्माच्या छोट्या सिद्धांतावरून (q मूळ असेल आणि a ला भागत नसेल, तर a^(q−1) ला q ने भागून बाकी 1 उरते) मुलांना समजलं. (खरंच समजलं, एकीनं तर माझ्याआधी सांगितलं.)

घोडं अडलंय पुढच्या पायरीवर. विभाजक q असेल तर 2³² ला q ने भागून बाकी 2 उरते, म्हणजे (2¹⁶)² ची बाकी 2. अशा q ला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च का येते? 7, 17, 23 घेऊन दाखवलं: 3² = 9, 6² = 36, 5² = 25, तिन्हीकडे बाकी 2. पण उदाहरणं म्हणजे सिद्धता नव्हे. गाऊसच्या लेमानं (एखादी संख्या वर्गाची बाकी असू शकते का, हे ठरवणारं सहाय्यक प्रमेय) करून पाहिलं, तर अर्ध्या वर्गाचे डोळे मिटले.

ही पायरी गाळली तर 62k + 1 वाले साडेसातशेच्या घरात उरतात, घेतली तर 248k + 1 आणि 248k + 63 मिळून 373. एवढे वर्गात वाटून साध्या दहा अंकी कॅल्क्युलेटरवर होतील.

कॉम्प्युटर किंवा लुकास-लेहमर चाचणी (2ⁿ − 1 रूपातली संख्या मूळ आहे का, हे तपासायची रीत) कृपया सुचवू नका. चाळीस मिनिटांच्या एका तासात बसेल आणि शाळेतल्या बीजगणितावरच चालेल अशी त्या 1-किंवा-7 ची सिद्धता कुणी वर्गात शिकवली आहे का?