द्राक्षाच्या बंद ट्रॉलीला एक्सल ७५ चा की ९० चा?

बागायत_निफाड

मंडळी, दोन चाकी ट्रॉलीवर पत्र्याची बंद बॉडी करून घ्यायची आहे. बागेतून पॅकहाउसपर्यंत द्राक्षाचे क्रेट ऊन-धूळ न लागता जावेत, एवढाच हेतू. आतलं माप १० बाय ६ फूट, उंची ६ फूट, दार मागच्या बाजूला. ट्रॅक्टर ४५ एचपी. उघडी ट्रॉली भुईकाट्यावर रिकामी १,४५० किलो भरते. अँगल, पत्रा, दार मिळून ४५० किलो वाढतील असा फॅब्रिकेटरचा अंदाज आहे. हुकाच्या पिनेपासून एक्सलपर्यंत ३.२ मीटर. एक्सल हौद्याच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १.६ मीटर, चासीचे चॅनल १ मीटरवर.

आत्ता खाली ७५ मिमीचा चौकोनी एक्सल आहे, पाटे (लीफ स्प्रिंग) नाहीत, थेट चासीला बोल्ट मारलाय. एक दुकानदार म्हणतो, "पाच टनी आहे, द्राक्षाला डोळे झाकून चालेल." दुसरा म्हणतो ९० चाच टाका. उन्हाळ कांदा निघाला की हीच ट्रॉली लासलगावला जाणार, हेही आधीच सांगून टाकतो. नेमकं कशावरून ठरवायचं?

---

भुईकाटा

भाऊ, "पाच टनी" म्हणजे कसले पाच टन, ते आधी त्या दुकानदाराला विचारा. माल पाच टन, की ट्रॉलीसकट पाच टन? एक्सलला दोन्ही उचलावं लागतं, आणि निम्म्या चुका इथेच होतात.

द्राक्षाचा हिशोब. ५४० × ३६० × २९० मिमीचा नेहमीचा क्रेट धरला, तर एका थरात लांबीला पाच आणि रुंदीला पाच, असे २५ बसतात. रुंदीत १,८२९ पैकी १,८०० मिमी जातात. आतून अस्तर लावलंत तर हा थर बसणार नाही. क्रेट आडवे फिरवून ८ × ३, म्हणजे २४ लागतील. उंचीला सहा थर. एकूण १५०. माल १६ किलो आणि क्रेट २ किलो धरला तर २,७०० किलो. त्यात रिकामी बंद ट्रॉली १,९०० मिळवा. झाले ४,६००.

आता कांदा. सुटा कांदा घनमीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो भरतो. तुमच्या हौद्याचा तळ ५.५७ चौरस मीटर. चार फुटांपर्यंत भरलात तर ६.८ घनमीटर, म्हणजे पावणेचार ते चार टन माल, आणि एकूण वजन सहा टनांच्या घरात. छतापर्यंत भरलात तर एकूण आठ टनांच्या आसपास. बंद बॉडीचा खरा धोका हाच आहे. उघड्या ट्रॉलीत फाळक्याची उंची हातभर असते, तिथे माल आपोआप थांबतो. इथे सहा फूट भिंत उभी आहे. आतून चार फुटांवर लाल पट्टा मारून घ्या, कांदा त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही.

यातलं सगळं एक्सलवर येत नाही, थोडं हुकावर जातं. तुमचा एक्सल हौद्याच्या मध्यापेक्षा ३० सेंमी मागे आहे, तेव्हा सारखा भरलेला सहा टनांचा भार हुकावर ६,००० × ०.३ ÷ ३.२, म्हणजे सुमारे ५६० किलो टाकतो. उरलेले ५,४४० एक्सलवर. हे ५६० किलो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड देतात, म्हणून उपयोगाचेच आहेत. पण ट्रॅक्टरच्या पुस्तकात हुकावरचा उभा भार किती चालतो ते बघा. ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर बांध चढताना स्टेअरिंग हलकं पडतं.

अर्ध्या भाराला मात्र गणित उलटतं. दार मागे आहे, त्यामुळे ७५ च क्रेट न्यायचे असले की मजूर ते दाराशीच रचून मोकळे होतात. ते १,३५० किलो एक्सलच्या ४६ सेंमी मागे पडतात आणि रिकाम्या ट्रॉलीचा पुढचा तोल खाऊन टाकतात. हुकावर उणे १७ किलो, म्हणजे ट्रॅक्टरचं मागचं टोक उचलायला सुरुवात. सपाटीवर कळणार नाही, चढावर चाक फिरेल. अर्धा माल असला तर तो पुढच्या भिंतीला टेकवून भरा, आणि मधोमध आडवा बार अडकवायला दोन्ही भिंतींना खाचा ठेवा, म्हणजे क्रेट मागे सरकणार नाहीत.

---

लेथ_सातपूर

वरच्या उत्तरातला ५,४४० चा आकडा घेतो, सोयीसाठी ५,५०० धरू.

दर चाकाला २,७५० किलो. चाकाचा मध्य चॅनलच्या मध्यापासून ३० सेंमी बाहेर आहे (१.६ वजा १, भागिले २). तेवढ्या अंतरावर एक्सल वाकतो. वाक येतो २,७५० × ३० = ८२,५०० किलो-सेंमी. चौकोनी बाराची ताकद बाजूच्या घनाला सहाने भागून मिळते: ७५ चा ७०.३, ८० चा ८५.३, ९० चा १२१.५ घनसेंमी. त्यावरून उभ्या ट्रॉलीत दर चौरस सेंमीला ताण असा: ७५ ला १,१७०, ८० ला ९७०, ९० ला ६८० किलो.

साधं माइल्ड स्टील २,५०० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. मग ७५ चा का चालू नये? कारण ट्रॉली उभी नसते. खड्ड्यात आदळली की भार क्षणभर दुप्पट-अडीचपट होतो, आणि तुमच्याकडे पाटे नाहीत, तो दणका थेट बसतो. अडीचपट धरा: ७५ ला २,९३०, म्हणजे गेला. ८० ला २,४२०, काठावर. ९० ला १,७००.

दुसरी गोष्ट लोक धरतच नाहीत. ट्रॉली तिरकी झाली की भार अर्धा-अर्धा राहत नाही. बंद बॉडीत मालाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर धरला आणि एक चाक पाण्याच्या पाटाच्या कडेला उतरून आठास एक असा कल आला, तर खालच्या चाकावर ६२ टक्के जातात. २,७५० चे ३,४०० होतात. बांध ओलांडताना कल आणि दणका बरोबरच येतात. तेव्हा ८० चा ३,००० वर जातो, ९० चा २,१०० वर थांबतो. म्हणून ९०. पंधरा मिमी वाढले, पण ताकद ७३ टक्क्यांनी वाढली.

पण नुसता बार जाड घेऊन भागत नाही. एक्सलची क्षमता म्हणजे बार, स्टब (बाराचं टोक, ज्यावर चाक फिरतं), बेअरिंग, रिम आणि टायर यांतल्या सगळ्यांत कमजोर भागाची क्षमता. बाजारात ९० चा बार आणि त्याला ७५ चेच हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) लावलेले एक्सल सर्रास मिळतात. घेताना हे बघा:

स्टबचा व्यास आतल्या बेअरिंगच्या बसकेवर मोजा. एक्सल मोडतो तो बहुतेक वेळा तिथेच, जिथे व्यास एकदम पायरीसारखा कमी होतो. पायरीच्या कोपऱ्यात गोलाई हवी. टूलने काटकोन काढलेला दिसला तर तो एक्सल ठेवून द्या. चीर तिथून सुरू होते आणि महिनोन् महिने ग्रीसखाली लपून वाढते.

स्टब वेल्ड केलेला आहे की अख्ख्या बारातून कातलेला? अख्खा घ्या. ईएन-८ चा (जास्त कार्बनच्या कडक पोलादाचा) स्टब माइल्ड स्टीलच्या बाराला साध्या रॉडने थंडच वेल्ड केला, तर वेल्डच्या शेजारची कडा ठिसूळ होते. वेल्डिंग टाळताच येत नसेल तर आधी तापवणं आणि सुकवलेले ७०१८ (लो-हायड्रोजन) वेल्डिंग रॉड, याला पर्याय नाही.

बेअरिंगचा नंबर वाचा, शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं: ३२२१२ म्हणजे ६० मिमी. आता गंमत बघा, ३०२१२ चं भोकही ६० आणि बाहेरचा व्यासही तोच ११०. हबमध्ये बिनतक्रार बसतं. पण रुंदीला ६ मिमी कमी आणि भार कमी उचलतं. बदलताना दुकानात "हेच चालतं" म्हणून ३०२१२ हातात देतात. जुन्याचा नंबर कागदावर लिहून न्या.

एक्सल वाकताना खालची बाजू ताणली जाते. त्या खालच्या बाजूला काहीही वेल्ड करू नका, ब्रेकचा पाइप धरायची पट्टीसुद्धा नाही. यू-बोल्टने आवळा.

---

बागायत_निफाड

एवढं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, चॅनल बाहेर सरकवले तर ८० मध्ये भागेल का? दोन, ९० चा टाकला की पाटे लागणारच नाहीत ना?

---

लेथ_सातपूर

पहिल्याचं उत्तर, थोडं भागतं. बसका, म्हणजे चॅनल एक्सलवर टेकतात त्या जागा, १ मीटरऐवजी १.१ वर घेतल्यात तर लटकता भाग ३० चा २५ सेंमी होतो आणि ताण सहाव्या हिश्श्याने कमी होतो. कल आणि दणका धरून ८० चा २,५०० वर येतो, म्हणजे पुन्हा काठावरच. चासी नव्याने करत असाल तर बसका बाहेर घ्याच, पण ९० बरोबर. आणि त्याच वेळी बाहेर फुगलेली रिम टाकून मिळवलेलं घालवू नका. रिम जितकी बाहेर, तितका स्टबवर वाक जास्त.

---

पाटेवाला_ओझर

दुसऱ्याचं मी सांगतो. एक्सल मोडू नये म्हणून पाटे लावतात, ही अर्धीच गोष्ट. तुमच्या मालासाठी पाटे मणी टिकावेत म्हणून लागतात. घड क्रेटमध्ये नाचला की मणी देठापासून सैल होतात, खालचे चिरडतात, आणि त्यांचा रस बाकीच्यांवर पसरतो. पॅकहाउसला हे सगळं काढून टाकण्यात जातं.

इथे जास्त क्षमतेचा पाटा उलटा नुकसान करतो. कांद्याच्या सहा टनांना पुरेल असा ताठ पाटा लावला आणि वर अर्धी गाडी द्राक्ष भरली, तर पाटा दबतच नाही, लाकडासारखा वागतो. अंदाज सोपा आहे: भाराखाली पाटा अडीच सेंमी दबला तर ट्रॉली सेकंदाला तीनदा उसळते, सहा-सव्वासहा सेंमी दबला तर दोनदा. द्राक्षाला दुसरी गत हवी.

म्हणून मुख्य पाटे द्राक्षाच्या भारावर बेतून घ्या. त्यावर मदतीचे दोन-तीन पाटे असे बसवा की एक्सलवर साधारण साडेचार टन आल्यावरच ते टेकतील. द्राक्षाला एक्सलवर ४,१७० येतात, तिथे ते मोकळे राहतात. कांद्याला कामाला लागतात. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. पाटे आपापल्या जागी बसले की बोल्ट हमखास ढिले होतात, आणि सैल यू-बोल्टखाली मधला सेंटर बोल्ट तुटतो. तो तुटला की एक्सल तिरका सरकतो आणि एकाच बाजूचा टायर खाल्ला जातो.

टायरची हवाही तशीच. टायरवर लिहिलेली सगळ्यांत जास्त हवा सगळ्यांत जास्त भारासाठी असते. कंपनीच्या तक्त्यात भारानुसार हवा दिलेली असते, द्राक्षाच्या हंगामात त्याप्रमाणे उतरवा आणि कांद्याला आठवणीने चढवा. हे दुसरं विसरलं की टायरची बगल तापून फुटते.

---

चांदवड_रोड

एवढ्या भानगडीपेक्षा चार चाकी ट्रॉली घ्या ना. भार दोन एक्सलवर वाटला जातो, हुकावर काही येत नाही, प्रश्नच मिटला.

---

भुईकाटा

हुकावर काही येत नाही, हीच तर अडचण आहे, भाऊ. ओल्या रानात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड कुठून येणार? शिवाय बागेच्या टोकाला चार चाकी ट्रॉली रिव्हर्स घेणं म्हणजे तारेच्या अँगलला धडक ठरलेली. डांबरी रस्त्यावरचा ऊस असता तर तुमचं म्हणणं पटलं असतं.

मूळ प्रश्नात एक राहिलंच: कांद्याला ही बॉडी चालणारच नाही. लिलावात व्यापाऱ्याला वरून माल दिसला पाहिजे, आणि बंद पत्र्यात दुपारी उन्हाळ कांद्याला घाम फुटतो. छत आणि वरच्या भिंती वेल्ड न करता बोल्टवर ठेवा, कांद्याच्या वेळी उतरवा. उतरवल्यावर वाचलेल्या वजनात कोणीतरी कांदाच भरणार, म्हणून एक्सलचा हिशोब सहा टनांवरच राहू द्या. आणि नोंदणीच्या कागदावर जे वजन लिहिलंय ते ९० चा एक्सल टाकला म्हणून वाढत नाही.

ब्रेकचंही आत्ताच ठरवा. सहा टन मागून ढकलत असताना एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर उतार उतरणं चूक आहे. ब्रेकची प्लेट बसवायचा फ्लँज एक्सल कातण्याआधी सांगावा लागतो; नंतर लावायला गेलात तर नेमकं स्टबजवळ वेल्ड करावं लागेल.

---

बागायत_निफाड

ठरलं. ९० चा अख्खा कातलेला, ३२२१२ आत, ब्रेकच्या फ्लँजसकट, मदतीच्या पाट्यांसह, छत बोल्टवर. लेथवाले भाऊ, हब बसवताना नट किती आवळायचा तेवढं सांगा. इथला मिस्त्री "दणकून" म्हणतो.

---

लेथ_सातपूर

दणकून आवळलेलं टेपर बेअरिंग पहिल्याच फेरीत निळं पडतं. रोलरांच्या मधे ग्रीस हाताने दाबून भरा, हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते निम्मंच. ठासून भरलं तर गरम होऊन सील बाहेर ढकलतं आणि मग पाटाचं पाणी आत जातं. चाक जॅकवर ठेवून हब हाताने फिरवत नट आवळा. फिरायला जड लागलं की थांबा, मग नट पाव फेरीच्या आत मागे घ्या आणि खाचेत कॉटर पिन टाका. टायर वर-खाली धरून हलवला तर अगदी किंचित, जाणवेल न जाणवेल इतकाच खेळ हवा. भरलेली ट्रॉली दहा-बारा किलोमीटर चालवून हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक, हात टिकत नसेल तर उघडून बघा. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा जॅकवर घेऊन तोच खेळ तपासा, आणि कॉटर पिन दर वेळी नवी, जुनी सरळ करून पुन्हा घालू नका.