रिडेव्हलपमेंट: २४ पैकी आईचीही सही राहिली आहे (कोथरूड)

माहेरवाशीण

नमस्कार. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझं माहेर कोथरूडला, डहाणूकर कॉलनीच्या मागच्या अंगाला. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर सहा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. १९८७ साली बाबांनी फ्लॅट बुक केला तेव्हा सदाशिव पेठेतल्या आत्याने विचारलं होतं, "एवढ्या लांब जाऊन राहणार कोण?" रात्री नऊनंतर डेक्कनहून रिक्षा मिळायची नाही. आता त्याच गल्लीत एकाच वेळी चार इमारती पाडल्या आहेत. पाचवी आमची.

बाबा २०१६ मध्ये गेले. आई ७४ वर्षांची, तळमजल्यावर एकटी राहते. मी चिंचवडला, भाऊ कॅनडात. सोसायटीत २१ जणांनी संमती दिली आहे. उरलेल्या तिघांपैकी एका फ्लॅटवर दोन भावांचा दावा चालू आहे, एक मालक दुबईला असतात आणि फोन उचलत नाहीत, आणि तिसरी माझी आई. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "२४ कुटुंबांचं भविष्य अडवून बसलेल्यांनी विचार करावा" असे निरोप येतात ते कोणासाठी, हे सगळ्यांना कळतं. आईलाही कळतं. ती त्याला फुलांचं चित्र पाठवते.

बिल्डरची ऑफर अशी: सध्याच्या ५६० चौरस फुटांवर ३५ टक्के जास्त, महिना २६,००० भाडं, थोडा कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), ताबा ३० महिन्यांत. प्लॉट साधारण १२५० चौरस मीटर. समोरचा रस्ता सहा मीटरचा आहे, पण "तो आता नऊ मीटर होणार" म्हणून तर सगळं जमून आलं, असं चेअरमनकाका सांगतात.

आई हट्टी नाही. तिने कालनिर्णयच्या पाठीवर प्रश्न लिहून काढलेत. नव्या इमारतीत खाली सगळं पार्किंग आहे आणि पहिला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मग लिफ्ट बंद पडली तर? कपडे कुठे वाळत घालायचे (नकाशात 'ड्राय बाल्कनी' लिहिलंय, तिथे वॉशिंग मशीन ठेवलं की उभं राहायलाही जागा नाही)? कंपाउंडला लागून बाबांनी १९८८ साली लावलेला आंबा आहे, त्याचं काय? आणि शेवटचा प्रश्न, "तीस महिने म्हणजे मी ७७ ची. बाकीच्यांचं सगळं मोजलंय, माझं कोणी मोजलंय का?" मीटिंगमध्ये तिने हे विचारल्यावर सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले.

दुसरी बाजूही लिहिते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. दवाखान्यात न्यायचं तर चार मुलं त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणतात. गच्ची गळते, ड्रेनेज तुंबतं. त्यामुळे इतरांना हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विचारायचं एवढंच: सही करायच्या आधी काय काय लेखी घ्यावं? आणि आईने सही केलीच नाही तर पुढे काय होतं?

---

पौडफाट्याचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आणि कडू आहे. काही अडत नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ ला सुधारित निर्देश काढले, त्यात एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी आहे. तुमच्याकडे २१ आहेत. मूठभर सभासदांनी बहुमताचा पुनर्विकास अडवू नये, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २००९ पासून अनेकदा घेतली आहे.

म्हणजे 'अडवून बसलेत' हा आरोपच खोटा. सही सगळ्यांना लवकर हवी आहे, कारण कोर्टकज्जाची कटकट नको. पण त्याच कारणाने आईंच्या सहीला आज थोडं वजन आहे, उद्या नसेल. ते आत्ताच वापरा.

---

नकाशेवाला

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे मंजुरीचं काम करतो. ताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन आकडे असे आहेत की तिथे बोट ठेवून थांबायला हवं.

पहिला, ५६०. १९८७ च्या करारनाम्यात लिहिलेला आकडा बहुतेक वेळा बिल्टअप (भिंतींसकट) असतो. आतून टेप लावून मोजा. कार्पेट (आतली वापरायची जागा) ४६५ च्या आसपास निघालं तर आश्चर्य नको. आता ३५ टक्के कशावर? ५६० वर धरले तर ७५६ होतात, ४६५ वर धरले तर ६२८. मधला फरक १२८ फूट, म्हणजे चांगली एक बेडरूम. शिवाय नवं क्षेत्र 'रेरा कार्पेट' (रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्यातल्या व्याख्येचं) आहे का आणि त्यात बाल्कनी धरली आहे का, तेही विचारा. रेरा कार्पेटमध्ये फ्लॅटच्या आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. 'बाल्कनीसहित कार्पेट' असा शब्द ऑफरमध्ये दिसला की समजा, बाल्कनी मिसळून आकडा फुगवलाय.

दुसरा आकडा रस्त्याचा. २०२० च्या अखेरीस राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा), बस. रस्ता नऊचा झाला की १.१ अधिक प्रीमियमचा (पैसे भरून मिळणारा) ०.५ अधिक टीडीआरचा (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) ०.४, एकूण २. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अनुषंगिक (जोडीचा जादा) एफएसआय, तोही पैसे भरून. तुमच्या १२५० मीटरच्या प्लॉटवर हे २५०० अधिक १५००, म्हणजे ४००० चौरस मीटर झाले. जिने, लिफ्ट, लॉबी, भिंती, बाल्कन्या सगळं त्यातच बसवायचं. २४ जणांचं देऊन जे उरेल ते बिल्डर विकणार. सहा मीटरवर हा हिशोब बसतच नाही. तुमच्या गल्लीत चार इमारती एकदम का पडल्या याचं उत्तर इथे आहे. कोणाला एकाएकी प्रेम आलेलं नाही.

रस्ता नऊचा होतो म्हणजे काय, तर महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली नवी रस्तारेषा आखली जाते आणि दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून दीड-दीड मीटर जातं. ते जातं मात्र ज्याची इमारत नव्याने होते त्याचंच. ज्याची जुनी आहे त्याची भिंत तशीच पुढे. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं गल्ली दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते: इथे नऊ, तिथे सहा, पुन्हा नऊ. रुंद तुकड्यात गाड्या लागतात आणि जायला रस्ता पूर्वीइतकाच उरतो. पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन २४ बिऱ्हाडांच्या काळातली, वर घरं दुप्पट. यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही, कारण ते कोणाच्याच करारात येत नाही.

आंबा कंपाउंडपासून किती अंतरावर आहे?

---

माहेरवाशीण

@नकाशेवाला, आत्ता आईला फोन करून विचारलं. तिने पावलं टाकून मोजलं. चार फूट.

---

नकाशेवाला

दीड मीटर म्हणजे पाच फूट. रस्त्यात गेला.

झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याआधी जाहीर नोटीस निघते, तेव्हा हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जेवढी वर्षं, तेवढी झाडं भरपाई म्हणून लावायची असतात. १९८८ चा आंबा म्हणजे पस्तिसाच्या वर झाडं. कुठे लावणार, हे विचारायला मात्र विसरू नका.

---

पाच_वर्षं_भाड्याने

आमचं सांगतो. करारात २४ महिने अधिक सहा महिने वाढीव मुदत. आम्ही परत आलो ६१ व्या महिन्यात. बिल्डरचं नाव घेत नाही, वाद मिटलाय. पहिली दोन वर्षं चेक वेळेवर आले. सत्ताविसाव्या महिन्याचा चेक परत गेला आणि त्याच आठवड्यात घरमालकाने भाडं वाढवलं. आसपासच्या सगळ्या सोसायट्या एकाच वेळी बाहेर पडलेल्या, प्रत्येकाला शाळेपासून जवळ दोन बेडरूम हवेत. भाड्याचे दर आम्हीच आमच्यासाठी चढवले.

या पाच वर्षांत तीन घरं बदलली. त्यातल्या दुसऱ्या घरात असताना वडील वारले. मृत्यूच्या दाखल्यावर तोच भाड्याचा पत्ता आहे, अजून कधी तो कागद हातात आला की चमत्कारिक वाटतं. असो.

आता कामाचं. निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी आहे, ती खरोखर घ्या. "नंतर देतो, आपण घरचेच" ऐकू नका. भाडं ताबा मिळेपर्यंत, दरवर्षी वाढीसह, असं लिहून घ्या. 'तीस महिन्यांचं भाडं' हे शब्द नकोत. आणि ताबा म्हणजे भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळाल्यानंतरचा ताबा. आम्हाला "फर्निचर सुरू करा" म्हणून किल्ल्या दिल्या, त्या दिवसापासून भाडं बंद केलं, आणि भोगवटा पत्र त्यानंतर सात महिन्यांनी आलं.

आईंच्या नावाने जो स्वतंत्र करारनामा होईल (पर्यायी जागेचा), त्यात फ्लॅट नंबर, मजला, दिशा आणि नकाशा जोडलेला हवा. 'चिठ्ठ्या टाकून ठरवू' यावर सही करू नये. ज्येष्ठांना खालचा मजला, असा ठराव आमच्याकडे झाला होता. मागितला म्हणून झाला.

एक गंमत. आमच्या मीटिंगांत तासभर गोंधळ चालायचा, कारण अर्धे लोक 'पीएमसी' म्हणजे पुणे महापालिका समजायचे आणि अर्धे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. "पीएमसीला आपणच नेमायचंय" म्हटल्यावर एक आजोबा उठून म्हणाले, निवडणूक झाली की बघू.

---

शेजारची_बिल्डिंग

सगळे आतल्या लोकांचं बोलताय. मी समोरच्या इमारतीत राहते, आम्हाला ना कॉर्पस ना भाडं. सकाळी सातला ब्रेकर सुरू, रात्री अकराला काँक्रीटचा मिक्सर गल्लीत अडकलेला. बेसमेंट खणताना आमच्या पार्किंगच्या फरशीला तडे गेले. खोदकाम सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्यांच्या इमारतींचे फोटो काढून दोघांच्या सह्यांनी ठेवायची पद्धत पाडा. नाहीतर "तडा आधीचाच होता" हे वाक्य पाठ करून ठेवा.

---

पौडफाट्याचा

@पाच_वर्षं_भाड्याने, +१. एक राहिलं. नव्या फ्लॅटची करआकारणी नव्याने होते. स्वतः राहत असाल तर मिळकतकरातली ४० टक्के सवलत आपोआप मिळेलच असं धरू नका, पीटी-३ अर्ज भरा. ताब्याच्या गडबडीत हे हमखास राहतं.

---

माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. काल रविवारी विशेष सभा झाली.

घर मोजलं, कार्पेट ४७१ निघालं. मी ते सभेत वाचून दाखवलं तेव्हा ग्रुपवर निरोप टाकणाऱ्यांपैकीच तिघांनी खिशातून स्वतःचे करारनामे काढले. घरी सगळ्यांनी पाहिलं होतं म्हणे, विचारायचं कोणी, म्हणून थांबले होते. ३५ टक्के कशावर, याचं उत्तर बिल्डर पंधरा दिवसांत लेखी देणार आहेत.

६५ च्या वरच्यांना पहिल्या दोन निवासी मजल्यांत प्राधान्य, हा ठराव मंजूर झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीच सूचक म्हणून सही केली. भाड्याचा मुद्दा मान्य, बँक गॅरंटीवर घासाघीस चालू आहे. गल्लीतल्या पाण्याच्या लाइनबद्दल विचारलं तर चेअरमनकाका म्हणाले, "तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही." कंगव्याची उपमा ऐकून मात्र हसले.

आई म्हणते, लेखी उत्तर आलं की ती सही करणार. आंब्याचं तिने मनातून सोडलं असावं, कारण यंदाच्या कैऱ्यांचं लोणचं तिने चोवीस बरण्यांत भरलंय, घरटी एक. दुबईवाल्यांची बरणी त्यांच्या बंद दाराशी ठेवली होती, ती मी उचलून आणली.

कोणाला डहाणूकर, मयूर कॉलनी किंवा आयडियल कॉलनीच्या बाजूला तळमजल्यावरची किंवा खात्रीच्या लिफ्टची दोन खोल्यांची जागा माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कपडे वाळत घालायला जागा हवी.