वार पुढच्या बाजूला असली की बाळ पायाळू होतं का?

सेलूची लेक:
नमस्कार सगळ्यांना. पहिलंच बाळंतपण आहे, आठवा लागलाय, माहेरी आलेय. सोनोग्राफीत प्लेसेंटा (वार) अँटेरियर म्हणजे पुढच्या भिंतीला, अन् बाळ ब्रीच म्हणजे पायाळू असं लिहून आलंय. डॉक्टर म्हणले काळजी करू नका, पण बाहेर एवढी गर्दी होती की पुढं काही विचारताच आलं नाही. आता आत्या म्हणायल्यात की वार पुढं आली म्हणून बाळाला फिरायला जागाच नाही, पायाळूच होणार अन् सीझरच करावं लागंल. आई म्हणायली रोज बसून फरशी पूस, आपोआप फिरतंय. मला तर झोपच लागंना. वार कुठं चिकटली त्यावरून बाळ कसं येणार ते ठरतं का खरंच?

लातूरची थोरली:
अगं घाबरू नको. माझ्या थोरल्याच्या वेळी वार पुढंच होती, त्याचं हलणं लय उशिरा कळलं मला. बाळ डोक्यावरच होतं पण तोंड वर करून, पाठ माझ्या मणक्याकडं, त्यामुळं कळा पोटात कमी अन् कंबरेतच जास्त, रात्रभर जीव नको झाला, पण शेवटी शेवटी फिरलं अन् नॉर्मलच झालं.

अंबाजोगाईची सिस्टर:
मी एएनएम आहे, रोज हेच रिपोर्ट बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. वार पुढच्या भिंतीला असणं एकदम नॉर्मल आहे, कितीतरी बायांची असते. त्यामुळं बाळ पायाकडून येतं असं काही नाही. ताईंना झालं तसं, बाळाचं तोंड वर राहण्याचं प्रमाण पुढच्या वारेत थोडं जास्त दिसतं खरं, पण तशी बहुतेक बाळं कळा चालू असताना फिरतात, शंभरात पाचेकच तशी जन्मतात.

पायाळूचं म्हणशील तर २८ व्या आठवड्यात चारातलं एक बाळ तसंच असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात ३-४ उरतात. तुला अजून वेळ आहे. ३६-३७ आठवड्यांनंतरही नाही फिरलं तर डॉक्टर पोटावरून हातानं फिरवून बघू शकतात, साधारण निम्म्या वेळा जमतं, मात्र ते दवाखान्यातच, घरी कुणाकडूनही पोट चोळून घ्यायचं नाही. फरशी पुसून बाळ फिरतं याला आधार नाही, झेपत असंल तर पूस, नाहीतर राहू दे.

खरं बघायचं ते वार खाली आहे का. गर्भाशयाच्या तोंडावर वार आली तर डोक्याला खाली बसायला जागा राहत नाही, मग बाळ आडवं किंवा पायाळू राहू शकतं, अन् गर्भाशयाचं तोंड झाकलेलंच राहिलं तर सीझरशिवाय इलाज नाही. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेक वेळा नंतर वर सरकते, म्हणून ३२ आठवड्यांनंतर परत सोनोग्राफी करतात. आधीचं सीझर असून वार पुढं अन् खाली असंल तर मोठ्या दवाखान्यातच नाव नोंदवा, कारण ती जुन्या टाक्यात रुतू शकते अन् रक्तस्राव लय होतो.

बीडवाली:
आमच्याकडं म्हणतात वार उजवीकडं असली की मुलगा, खरंय का सिस्टर?

अंबाजोगाईची सिस्टर:
अजिबात नाही. वारेच्या बाजूवरून काहीच कळत नाही, अन् १९९४ च्या कायद्यानं विचारणंही गुन्हा आहे. असलं ऐकून आपल्याच जिल्ह्यात किती पोरी गेल्यात, कृपा करून पसरवू नका.

सेलूची लेक:
सिस्टर, रिपोर्ट परत बघितला, वार गर्भाशयाच्या तोंडापासून ५ सेंटिमीटर वर आहे. मग ठीक ना? अन् बाळ कधी कधी कमी हलल्यासारखं वाटतंय, ते पुढच्या वारेमुळंच का?

अंबाजोगाईची सिस्टर:
५ सेंटिमीटर म्हणजे छान, २ च्या आत असती तर काळजी. पण हलण्याचं मात्र वारेवर ढकलू नको. आता आठव्यात रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर नाही. न दुखता रक्त गेलं, किंवा बाळ पायाकडून असताना पाणी गेलं तरी लगेच १०८ ला फोन कर. आजच जाऊन ठोके ऐकून ये बरं.

सेलूची लेक:
निघालेच. आत्याला पण सोबत घेते, म्हणजे त्यांनाही डॉक्टरच्या तोंडून ऐकू येईल.