मदत हवी आहे: सेंद्रिय कर्ब १.४ आलाय, काजू लावू ना?

शेवटचा_डबा: मिरग तोंडावर आलाय, रोपवाटिकेवाला रोज फोन करतोय. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा कार्बन) १.४ टक्के, सामू (पीएच) ५.४, स्फुरद (फॉस्फरस) कमी. ०.७५ च्या वर म्हणजे भरपूर ना? २०० कलमं सांगू? जात कुठली, वेंगुर्ला-४ की ७? उद्या ॲडव्हान्स द्यायचाय.

पन्हळ: जमीन कुठे? माती किती खोल?

शेवटचा_डबा: राजापूरकडे, काकांची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. खोलीचं रिपोर्टात काही नाही.

देशी_गाय: एवढा कर्ब आहे तर रासायनिक खताला हात लावू नका. एकरी २०० लिटर जीवामृत (शेण-गोमूत्राचं), दर पंधरा दिवसांनी. बास.

निवृत्त_शेतीवाला: त्यांनी खत विचारलंय का? डबेवाले, जांभ्या मातीत कर्ब बऱ्याचदा बराच येतो, त्यावर हुरळू नका. स्फुरद मात्र लोह नि ॲल्युमिनियम धरून बसतात, झाडाला देत नाहीत. नमुना कुठून घेतलात?

शेवटचा_डबा: फणसाखालून. तिथेच फावडं शिरलं, बाकीकडे ठणठण वाजत होतं.

निवृत्त_शेतीवाला: अहो, मग तो फणसाचा रिपोर्ट आहे, जमिनीचा नव्हे! पंचवीस वर्षांचा पाला कुजलाय तिथे. झाडाखाली, बांधालगत, गायरीजवळ (शेणखड्ड्याजवळ) नमुना घ्यायचा नसतो. फळबागेला तर फूट-फूट करत तीन फुटांपर्यंतची माती वेगवेगळी लागते.

सड्यावरचा: काही होत नाही. देवगडात कातळ सुरुंगाने फोडून, माती भरून आंबे लावलेत लोकांनी.

पन्हळ: सुरुंगाचा नि मातीचा खर्च कोण देणार, तुम्ही? आमची वीतभर मातीतली काजू तिसऱ्या एप्रिलात वाळली.

सावंतवाडी_लोकल: सातबारा काकांच्या एकट्याच्या नावावर आहे ना? आमच्यात यावरून भाऊबंदकी झालीय.

शेवटचा_डबा: विषय तो नाही!!

निवृत्त_शेतीवाला: गवत जाळता का?

शेवटचा_डबा: काका मार्चात पेटवतात. का?

निवृत्त_शेतीवाला: उघड्या मातीत कर्ब टिकणार कसा? गवत कापून आळ्यात आच्छादन घाला, बांधावर पाल्याच्या खतासाठी गिरिपुष्पाची झाडं लावा. २०० कलमं म्हणजे ७ बाय ७ मीटरवर हेक्टरभर. आधी पहार घेऊन फिरा. दोन फुटी खड्डा जिथे होईल तिथेच कलम.

देशी_गाय: आणि जीवामृत.

शेवटचा_डबा: फिरलो. सहा जागी पहार मारली. चार ठिकाणी वितीवर कातळ, खालच्या उताराला दोन ठिकाणी कोपरभर हात आत गेला, माती तांबडी, बोटांना चिकटते. तेवढ्यापुरती ४० सांगितली. रोपवाटिकेवाला फुगलाय. आता तरी सांगा, ४ की ७?

पन्हळ: सातची बी मोठी असते.

सावंतवाडी_लोकल: तुमच्याकडे बीचा भाव काय चाललाय?